लोणारचा खार, खामगावची गाठ आणि मधली हवा

बुलढाणा जिल्ह्याची ओळख सांगताना घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके असा फरक आपोआप तोंडात येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर. जमीन वेगळी, पाणी वेगळे, उन्हाचा चटकाही वेगळा. या दोन्ही भागांनी बाहेरच्या जगाला एकेक नामांकित वस्तू पुरवली. घाटावरून लोणारचा खार गेला आणि घाटाखालून खामगावचा कापूस. एक खनिज, दुसरा शेतमाल, म्हणून इतिहासलेखनात या दोघांची भेट सहसा होत नाही. पण दोन्ही धंद्यांत एक गोष्ट समान होती: माल तयार होण्याचे, टिकण्याचे आणि वजनात भरण्याचे गणित भोवतालच्या हवेवर बेतलेले होते. किती ऊन, किती ओल, कोणता महिना, यावर दर ठरत असे. माझे म्हणणे असे की हवा या धंद्यांची केवळ पार्श्वभूमी नव्हती, तो त्यांचा खर्च होता. वहीत न लिहिलेला, तरी कोणीतरी भरलेला. तो कोणी भरला हे पाहिल्याशिवाय या जिल्ह्याचा औद्योगिक इतिहास पुरा होत नाही.

आधी लोणार. अशनीच्या आघाताने काळ्या बसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तळाशी सरोवर. धार, सीता न्हाणी यांसारखे गोडे झरे आणि चार महिन्यांचा पाऊस एवढीच त्याची आवक. बाहेर जाणारा ओढा नाही, त्यामुळे आलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा उन्हाने उडून जातो आणि खडकातून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालत आल्याने पाण्याचा पीएच दहाच्या घरात आहे आणि त्यात मिठासोबत सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट भरपूर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना, काच आणि साबण करायला लागणारा सगळा माल या डोंगरांत मिळतो आणि त्यावर सरकारला महसूल मिळतो, अशी नोंद केली आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवर पाहिले तेव्हा हा व्यापार निदान सव्वादोनशे वर्षांचा जुना होता. मुघल दफ्तराने लोणारची दखल घेतली ती निसर्गाचा चमत्कार म्हणून नव्हे, उत्पन्नाची बाब म्हणून, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या उत्पादनाला भट्टी नव्हती, कढई नव्हती, सरपण लागत नव्हते. पाणी आटवण्याचे सगळे काम हवा करी. म्हणूनच त्याचा हंगाम कडक होता. एप्रिल-मे महिन्यांत घाटावरही पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा पाव हिश्श्याखाली जाते. सरोवराचे पाणी मागे सरकते, काठचा गाळ उघडा पडतो, त्यात अडकलेले खारे पाणी घट्ट होत जाते आणि पांढरे थर दिसू लागतात. मृग लागला की सारे थांबते. थांबण्याचे कारण पाऊस, असे सहज वाटते, पण तेवढे एकच कारण नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणाचा आणि हवेतल्या बाष्पाचा तोल साधारण ७५ टक्के आर्द्रतेला जमतो. हवा त्याहून दमट झाली की मीठ पाणी सोडण्याऐवजी हवेतून पाणी ओढू लागते. आषाढ-श्रावणात पाऊस उघडलेला असतानाही घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते याच कारणाने. म्हणजे जुलैत आठवडाभर एक थेंब पडला नाही तरी लोणारच्या काठावर मिठाचा खडा नीट वाळणार नाही, कारण त्या हवेत त्याला वाळायला फारशी जागा नसते. वर्षातले चार महिने हा कारखाना बंद राही, आणि तो बंद करणारा हुकूम पावसाइतकाच बाष्पाचाही होता.

उष्णतेचा परिणाम याहून सूक्ष्म आहे आणि इथे थोडे थांबायला हवे. शंभर ग्रॅम पाण्यात मीठ शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम विरघळते आणि चाळीस अंशालाही जवळपास तेवढेच. धुण्याच्या सोड्याचे तसे नाही. शून्य अंशाला तो जेमतेम सात ग्रॅम विरघळतो, वीस अंशाला बावीस, तीस अंशाला चाळीसच्या आसपास, आणि पस्तीस अंशांजवळ तो आकडा पन्नासाला जाऊन भिडतो. पुढे तो किंचित उतरतो. एकाच पाण्यात हे दोन्ही क्षार असतील, तर कोणता आधी खाली बसेल हे त्या दिवसाचे तापमान ठरवते. थंड रात्री सोडा वेगळा पडतो, मीठ द्रावणात राहते. तापलेल्या दुपारी मीठही सोबत येते. शिवाय सोडा कोणत्या रूपात पडेल तेही तापमानावर आहे. थंडीत तो दहा रेणू पाणी धरून ठेवणारा काचेसारखा स्फटिक होतो, पण बत्तीस-चौतीस अंशांच्या पुढे हा स्फटिक स्वतःच्याच पाण्यात विरघळतो. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात तो टिकणे शक्य नाही. ऊन, कोरडी हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्या मेळाने तयार होतो तो ट्रोना, म्हणजे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचा जोडक्षार. ट्रोना हवेत सहजी विरघळत नाही, सहजी भुकटीही होत नाही. बैलाच्या पाठीवरच्या गोणीतून दूरच्या बाजाराला जायला असाच खडा हवा. लोणारच्या मालाला दूरवर गिऱ्हाईक मिळाले त्यात विवराच्या क्षारांइतकाच वैशाखाच्या कोरड्या झळांचा वाटा आहे.

एकाच सरोवराच्या खाराला व्यापारात वेगवेगळी नावे आणि वेगवेगळे भाव होते: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. एखाद्यात सोडा जास्त, एखाद्यात मीठ जास्त. एखादा घट्ट खड्याचा, एखादा पापुद्र्यासारखा, एखादा भुसभुशीत. यावर असा आक्षेप येऊ शकतो की ही नुसती दिसण्यावरून पाडलेली वर्गवारी आहे, तिच्यामागे रसायनशास्त्र शोधणे म्हणजे आजचे ज्ञान जुन्या माणसांच्या माथी मारणे. आक्षेप अर्धा खरा आहे. खार वेचणाऱ्यांना रेणू ठाऊक नव्हते. पण ट्रोना आणि दशजल सोडा यांतला फरक कळायला रेणू ठाऊक असावे लागत नाहीत. खडा दाताखाली कसा फुटतो, जिभेवर किती चरचरतो, पावसाळ्यात त्याला पाणी सुटते की नाही, रंगाऱ्याच्या रांजणात तो किती लागतो, या परीक्षा पुरतात. रूप हवेने दिलेले असते आणि घटकांचे प्रमाणही त्याच हवेने ठरवलेले असते, म्हणून रूपावरून प्रमाण ओळखणे हा अडाणीपणा नव्हता. काठाचा कोरडा पापुद्रा आणि गाळातला खडा वेगवेगळे विकणारा माणूस, तापमान आणि ओलावा यांनी झालेली छाननीच विकत होता. त्या ज्ञानाला आकड्यांचे रूप नव्हते. ते हातात आणि जिभेवर होते.

आता त्या खर्चाचा हिशेब. दहा रेणू पाणी धरलेल्या सोड्याच्या वजनात ६३ टक्के नुसते पाणी असते. कोरड्या हवेत तो उघडा राहिला की यातले बहुतेक पाणी उडत जाते, चकचकीत स्फटिकावर पांढरी भुकटी धरते, आणि शंभर शेर मालाचे वजन त्रेचाळीस शेरांवर येऊ शकते. गंमत म्हणजे धुण्याची ताकद तसूभरही कमी झालेली नसते. शेरामागे ती उलट दुपटीहून वाढलेली असते. अशा मालाचा सौदा वजनावर झाला तर कोण बुडतो? माल ज्याच्या ताब्यात असताना वाळतो तो. उलट मीठमिश्रित खार पावसाळ्यात ओल धरतो आणि तेव्हा घेणारा पाण्याला पैसे मोजतो. भाव पडलेला असताना माल धरून ठेवायला कोरडे कोठार आणि गाठीला पैसा ज्याच्यापाशी, त्याला हा फरक आपल्या बाजूला वळवता येतो. जो रोजच्या वेचणीवर जगतो त्याला येत नाही. हा सगळा तर्क क्षाराच्या गुणधर्मांवरून काढलेला आहे. पण वजनाने विकल्या जाणाऱ्या आणि हवेशी पाण्याची देवघेव करणाऱ्या प्रत्येक मालाला तो लागू पडतो. कापसाकडे वळल्यावर तो पुन्हा भेटेल.

लोणारचा व्यापार का ओसरला याचे सोपे उत्तर इंग्रज सरकार असे दिले जाते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि मिठाच्या कायद्याने देशी मीठ मारले, हे खरेच आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या दहीहंड्याला १९३० मध्ये खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला. तेव्हा या भागातल्या मिठाचा गळा आवळलेला होता, यात शंका नाही. पण ते खाण्याच्या मिठाचे झाले. लोणारचा कणा सोडा होता, आणि सोड्याचे बाजारगणित युरोपात बदलत होते. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये लब्लांने मिठापासून सोडा काढण्याची रीत शोधली. १८६० च्या दशकात बेल्जियममध्ये सॉल्वेने अमोनियाची रीत यशस्वी केली. सॉल्वेच्या मनोऱ्यात खारे पाणी, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांची गाठ पडते, उष्णता बाहेर पडते, आणि ती ठरलेल्या बेताने काढून घेतली तरच बायकार्बोनेट खाली बसते. मनोऱ्याच्या मध्यभागी पन्नास-साठ अंश, तळाशी तीसच्या जवळ, असा उतार राखावा लागतो. लोणारला जे काम पौषाची थंडी आणि वैशाखाचे ऊन करीत होते, तेच काम तिथे थंड पाण्याच्या नळ्या करू लागल्या, बाराही महिने आणि एकाच प्रतीचे. काचवाल्याला आणि साबणवाल्याला प्रत्येक गोणीत तोच माल हवा असतो. पाच नावांचा आणि पाच प्रतींचा खार त्या स्पर्धेत टिकणे अवघड होते. १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूरला, जिथे समुद्र, मीठ आणि चुनखडी हाताशी होती. लोणारच्या विवरात एवढा साठाही नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. विवर लहान आहे आणि त्याची भरपाई पावसाच्या गतीनेच होते. पण साठा हे अर्धेच कारण. हवेचा लहरीपणा ज्याने पैसे खर्चून काबूत आणला त्याच्याकडे धंदा गेला, हे उरलेले अर्धे.

सरोवराने मात्र आपले हवामान-दफ्तर जपून ठेवले. तळाच्या गाळाचा सुमारे दहा मीटरचा गाभा काढून भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तपासला, तेव्हा त्यात गेलुसाइटचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचा हा जोडकार्बोनेट पाणी फार आटून घट्ट झाल्यावरच तयार होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार हे स्फटिक दोन कालखंडांत एकवटलेले आहेत: आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. म्हणजे मध्य भारतातल्या दीर्घ कोरड्या काळांची नोंद क्षाराने केली. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा हीच प्रक्रिया लोकांनी प्रत्यक्ष पाहिली. पाण्याची पातळी उतरली, खारेपणा आणि उष्णता वाढली, आणि अशा पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने सरोवर रंगले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. पावसाचे पाणी येऊन खारेपणा उतरल्यावर रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

हवेच्या दाबाबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरेल. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्याच्या तुलनेत सात-आठ टक्क्यांनी कमी आणि पाणी शंभरऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. डाळ शिजायला थोडा जास्त वेळ लागण्यापलीकडे या फरकाने मोठे काही बिघडत नाही. खामगाव त्याहून बरेच खाली. तापमान आणि आर्द्रता यांच्यापुढे या जिल्ह्यात दाबाचा भाग दुय्यम राहिला.

घाट उतरून खामगावला आलो की माल बदलतो. हे गाव एकोणिसाव्या शतकात कापसाची मोठी पेठ झाले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे डोळे लागले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. एका बाजारपेठेसाठी स्वतंत्र फाटा घातला जावा, एवढे तिचे वजन होते. त्या काळी कापूस आयुक्त असलेल्या रिव्हेट-कार्नाक यांचा आग्रह होता की कापूस शेताजवळच पुरा दाबून बांधावा. तोपर्यंत तो सैल गाठोड्यांतून मुंबईला जाई आणि तिथे पुन्हा दाबला जाई. सैल रुई वाटेत धूळ आणि ओल दोन्ही पिते. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत घट्ट दाबलेली गाठ मात्र आतला कोरडेपणा बरोबर घेऊन जहाजावर चढते. वाहतुकीची सोय म्हणून सांगितल्या गेलेल्या या सुधारणेत हवेचे गणितही होते.

कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर कोरड्या रुईच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी ती धरते. हवा पार कोरडी पडली की ते पाच टक्क्यांवर येते, दमट झाली की दहाच्या पुढे जाते. आजच्या १७० किलोच्या गाठीत ८.५ आणि ५ टक्क्यांमधला फरक साडेपाच किलो भरतो. यात कोणी लबाडी केलेली नसते. ऋतू बदललेला असतो. प्रत्येक टप्प्याला हवी ती हवा मात्र निराळी. वेचणीला आणि सरकी काढायला कोरडी हवा लागते. ओला कापूस जिनच्या रोळाला गुंडाळतो, सरकी चिरडते, रुईत गुठळ्या पडतात; अगदीच खडखडीत असेल तर तंतू तुटतात आणि एका ठिणगीला निमित्त मिळते. ओला दाबला तर गाठ आतून तापते, पिवळी पडते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत घाटाखाली जी हवा असते ती या कामांना जणू बेतून दिलेली. म्हणून खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुऱ्याकडे जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली.

कताईला नेमकी उलटी हवा लागते. कापूस हा अशा तंतूंपैकी आहे जो ओलसर असताना जास्त बळकट होतो. कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज चढते, तंतू एकमेकांना ढकलतात, रोळाला चिकटतात, धागा सारखा तुटतो. म्हणून लँकेशायरचा दमट पाऊस आणि मुंबईची खारी दमट हवा बारीक सुताला मानवली, आणि खामगावचा कापूस आपल्याच जिल्ह्यात सूत होण्याऐवजी गाठ होऊन बाहेर गेला. इथे दोन आक्षेप उभे राहतात आणि दोन्ही भक्कम आहेत. पहिला असा की मुंबईला गिरण्या झाल्या त्या बंदर, भांडवल आणि कोळशाच्या आयातीमुळे. हवेला उगाच श्रेय देऊ नये. आणि पुरावा म्हणून अहमदाबाद दाखवता येते: कोरडे शहर, बंदर नाही, तरी देशातले दुसरे मोठे गिरणगाव. दुसरा आक्षेप, गिरण्यांच्या आधी शतकानुशतके वऱ्हाडातल्या बायका घरी सूत कातत होत्या आणि मेहकर, देऊळगाव राजाकडे माग चालत होते. तेव्हा कोरडी हवा आड आली नाही का?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मागाकडे पाहून मिळते. विणकराचा खड्डामाग जमिनीत खोदलेला असतो. ताणा जमिनीच्या अगदी लगत राहतो आणि खड्ड्यातली ओल त्याला मिळते. हातसुतासाठी टकळी-चरख्याची गती बेताची असते, धागा जाड असतो, आणि कातणारी सकाळच्या दंवाची वेळ निवडू शकते. ढाक्याच्या मलमलीसाठी सूत कातणाऱ्या बायका पहाटे, पाण्याचे भांडे जवळ ठेवून कातत, हे तर नोंदलेलेच आहे. म्हणजे हवा आड येत होतीच. तिच्यावर उपाय घरातच आणि फुकट होता. दिवसाचे दहा-बारा तास हजारो चात्या फिरवणाऱ्या गिरणीला पहाटेची वाट पाहता येत नाही. पहिल्या आक्षेपाला मी एवढेच म्हणेन की हवा ही बंदी नव्हती, खर्च होता. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, ती वऱ्हाडाइतक्याच कोरड्या हवेत. तिने हवेत ओलावा सोडणारी यंत्रे आणि आगीसाठी पाण्याचे फवारे लवकरच बसवले. अहमदाबादनेही तोच मार्ग धरला. ज्याच्यापाशी भांडवल होते त्याने मुंबईची हवा विकत घेतली. खामगावच्या पेठेत जो पैसा खेळत होता तो दलालीचा आणि निर्यातीचा. कारखान्यात हवा तयार करण्यापेक्षा कोरड्या हवेतून फुकट मिळणारा टप्पा, म्हणजे सरकी काढणे आणि दाबणे, तेवढाच उरकून माल पुढे पाठवणे त्याला परवडत होते. वसाहतीच्या व्यापारालाही नेमके तेवढेच हवे होते. धोरण आणि हवा एकाच दिशेने ओढत होती, म्हणून त्या ओढीला इतके बळ आले.

आणि हा विकत घेतलेला ओलावा फुकट नव्हताच. गिरणीत वाफ सोडली की सुताला बरे वाटते, माणसाला नाही. घाम वाळत नाही, अंग तापते. इंग्लंडमध्ये १८८९ च्या कायद्याने विणकामाच्या खोल्यांतल्या आर्द्रतेला मर्यादा घालावी लागली, आणि भारतातही १९२० च्या दशकात सरकारने गिरण्यांतल्या कृत्रिम ओलाव्याची चौकशी करवली. वऱ्हाडचा कापूस ज्या हवेत सूत झाला, त्या हवेची किंमत गिरणी कामगारांच्या फुप्फुसांनी भरली.

शेताच्या बाजूला तो खर्च निराळ्या वाटेने पोचला. ओल्या कापसाचे वजन जास्त, म्हणून पाणी मारण्याची लबाडी जुनी आहे. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. १९१७ मध्ये नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीने पुन्हा या दुखण्यावर बोट ठेवले, आणि १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक घालणे भाग पाडले, म्हणजे पाणी कुठे शिरले ते शोधता यावे. कायद्याची भाषा फसवणुकीची होती. पण मारलेले पाणी आणि हवेतून आपोआप आलेले पाणी यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न कायद्याने नव्हे, प्रयोगशाळेने सोडवला. १९२४ मध्ये माटुंग्याला कापसाची तंत्रशाळा उभी राहिली. आज भारतात कापड-सुताच्या चाचण्या २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता या ठरवलेल्या हवेत करतात. थंड देशांतले प्रमाण २० अंशांचे आहे, ते आपल्या हवेला लागू नाही म्हणून. आपल्या हवेसाठी आपले प्रमाण असावे, हे मला त्या सगळ्या कालखंडातले सर्वात मोलाचे पाऊल वाटते. मोजण्याची अट आधी ठरली की मग भांडण मोजता येते.

पण ती अट प्रयोगशाळेच्या दाराशी थांबली. आज कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत आठ टक्के ओलावा हे प्रमाण धरले जाते. आठ ते बारा टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कापला जातो आणि बाराच्या पुढे कापूस नाकारला जातो. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, सकाळी धुके पडले, आणि शेतकऱ्याची गाडी पहाटेपासून रांगेत उभी राहिली, तर तोच कापूस सकाळी एक आकडा दाखवतो आणि दुपारच्या उन्हात दुसरा. ओलावा मोजणारे यंत्र खोटे बोलत नाही. ते कापसाबरोबर त्या वेळची हवाही मोजते. घरात चार महिने साठवून ठेवलेला कापूस उन्हाळ्याच्या तोंडाशी विकला, तर वाळून गेलेल्या प्रत्येक किलोचा तोटा शेतकऱ्याचा. पुढे पावसाळ्यात त्याच रुईत पाणी परत आले, तर ते वजन ज्याच्या गोदामात रुई आहे त्याचे. लोणारच्या खाराला जो तर्क लावला तोच इथे शब्दशः लागू होतो. फरक एवढाच की खाराच्या काळी हवा मोजायचे साधन नव्हते आणि आज ते काही शे रुपयांत मिळते.

खामगाव, मलकापूर, शेगाव, नांदुरा इथल्या बाजार समित्यांनी आणि खरेदी केंद्रांनी एवढे तरी करावे: भावाच्या फलकाशेजारी त्या तासाचे तापमान आणि हवेतली आर्द्रता लिहावी, ओलाव्याची मोजणी दिवसाच्या ठरलेल्या वेळी आणि शेतकऱ्यासमोर करावी, यंत्राची तपासणी केव्हा झाली ती तारीख लावावी, आणि पावतीवर ओलाव्याच्या आकड्याबरोबर मोजणीची वेळही नोंदवावी. आठच्या वरचा प्रत्येक टक्का जितक्या काटेकोरपणे कापला जातो, तितक्याच काटेकोरपणे आठच्या खालचा टक्काही शेतकऱ्याच्या खात्यात धरावा.